धावायचे बागेपर्यंत, दम ठेवायचा बागेसाठी

इंदुरात सकाळी धावणाऱ्यांना तोटा नाही. नेहरू पार्क, रेसिडेन्सी, लालबाग, पिपल्यापाला, कुठेही सहाला जा, कोणी ना कोणी मनगटावरच्या घड्याळाकडे बघत धावताना दिसतेच. आमचा गट त्यातलाच. फरक एवढाच की रविवारची आमची धाव वसाहतीच्या सामाईक बागेच्या फाटकाशी संपते आणि तिथून पुढे तासभर खुरपणी, पाणी, खत असे जे पुढ्यात येईल ते काम चालते. लंडनमध्ये गुडजिम नावाच्या गटाने धावणे आणि परिसरातले अंगमेहनतीचे काम अशी जोडी रुळवली आहे. आपल्याकडे श्रमदान म्हटले की लोकांना कळते.

नवे लोक दोन बाजूंनी येतात. काहींनी दहा किलोमीटर सहज मारलेले असतात पण खुरपे कधी धरलेले नसते. काहींच्या गच्चीवर चाळीस कुंड्या असतात पण शाळा सुटल्यापासून ते बससाठीसुद्धा धावलेले नसतात. दोघेही पहिल्या दिवशी तेच विचारतात: हा कार्यक्रम नक्की धावण्याचा की बागेचा? माझ्या मते बागेचा. धावणे म्हणजे तिथवर पोचण्याची आणि दर आठवड्याला वेळेवर पोचण्याची सोय. एवढे मनाशी पक्के केलेत की खालच्यापैकी निम्म्या सूचना वाचल्या नाहीत तरी चालेल.

१. आधी एकदा नुसते बघून या

गटात नाव देण्याआधी एखाद्या संध्याकाळी बागेत चालत जा. माळ्याला भेटा. आमच्याकडे माळी सगळ्यांनाच भिया (म्हणजे भैया) म्हणतात, तुम्हीही म्हणा. त्यांना तीन गोष्टी विचारा: पाणी कुठून येते, कोणते वाफे सामाईक आहेत आणि कोणते घरांना वाटून दिलेले आहेत, आणि अवजारे कुठे ठेवतात.

यातला दुसरा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा. सामाईक बागेत सगळेच सामाईक नसते. कोपऱ्यातला पुदिना एखाद्या आजींनी लावलेला असतो, आणि तुम्ही तो “वाढलाय म्हणून” छाटलात तर पुढचे दोन महिने त्या तुमच्याशी बोलणार नाहीत.

२. नावनोंदणी आणि कागद

फार काही लागत नाही, पण जे लागते ते पहिल्याच दिवशी द्या:

- ओळखपत्राची एक छायाप्रत. आधार दिलेत तर आकड्यांपैकी शेवटचे चार सोडून बाकीचे झाकून द्या.
- घरच्या माणसाचा दूरध्वनी क्रमांक आणि तुमचा रक्तगट, एकाच कागदावर.
- हृदयविकार, मधुमेह, रक्तदाब, दमा किंवा गुडघ्याची शस्त्रक्रिया झालेली असेल तर डॉक्टरांची लेखी परवानगी. औषध चालू असेल तर त्याचे नावही.
- अठराच्या आतल्या मुलांसाठी पालकांची सही असलेले संमतिपत्र. पालक स्वतः आले तर उत्तम.
- धनुर्वाताची लस शेवटची कधी घेतली ती तारीख. दहा वर्षे उलटून गेली असतील तर आधी लस घ्या, मग मातीत हात घाला.

गटाच्या व्हॉट्सअॅपवर नाव आले की एकच शिस्त: येणार असाल तर शनिवारी रात्री नऊपर्यंत “हो” लिहा. सानंद या इथल्या मराठी संस्थेचे नाटक असेल त्या शनिवारी निम्मा गट उशिरा झोपतो हे गृहीत आहे, पण न कळवता दांडी मारली की माळी पाच जणांचे काम काढून ठेवतात आणि दोघेच उगवतात.

३. काय आणायचे, काय घरी ठेवायचे

पाण्याची स्वतःची बाटली, टोपी, जुना सुती टॉवेल, हातमोजे आणि बदलायचा शर्ट. हातमोजे धाग्याचे नकोत, रबरी तळव्याचे घ्या. धाग्याच्या मोज्यांतून बोरीचा काटा आरपार जातो. खुरपे, कुदळ, फावडे, झारी बागेत आहेत. घमेले मात्र कोणी “तगारी” म्हणून मागितले तर गोंधळू नका.

आता बुटांबद्दल जरा सविस्तर, कारण पैसे इथेच वाया जातात. माळव्याची माती काळी आणि चिकण. पावसाळ्यात तिच्यावर पाऊल टाकले की ती तळव्याला धरते, दुसऱ्या पावलाला पहिल्या थरावर दुसरा थर बसतो, आणि दहा पावलांत बूट दुप्पट जड होतो. धावायच्या बुटांच्या तळाला ज्या बारीक खाचा असतात, त्यांत ही माती जाऊन बसते आणि वाळली की सिमेंट. घरी जाऊन लोक ब्रशने घासतात, गरम पाणी ओततात, चिकटवलेला तळ सुटतो आणि सहा हजारांचा बूट गेला. त्यामुळे दुसरा जोड ठेवा: जुने कॅनव्हासचे बूट, पुढून बंद. ते पिशवीत घालून माळ्याच्या खोलीतल्या फळीवर ठेवता येतात, पिशवीवर नाव लिहा. धावायचे बूट मातीने भरलेच तर ओले असताना हात लावू नका. सावलीत वाळू द्या, दोन्ही बूट एकमेकांवर आपटा, उरलेले जुन्या दात घासायच्या ब्रशने काढा.

चपला घालून बागेत उतरू देत नाही. कुदळ अंगठ्यावर पडते तेव्हा वरचा पट्टा काही वाचवत नाही.

४. धाव: गप्पा मारता आल्या पाहिजेत

आम्ही महू नाक्याच्या बाजूने निघतो, लालबागेवरून वळतो आणि अन्नपूर्णा रस्त्याच्या आतल्या गल्ल्यांतून बागेत येतो. साधारण चार किलोमीटर. वेळ उजाडण्यावर ठरते. जूनमध्ये इंदुरात पावणेसहालाच सूर्य वर आलेला असतो, जानेवारीत सात वाजून गेल्यावर. म्हणून उन्हाळ्यात साडेपाच, थंडीत पावणेसात. उन्हाळ्यात पंधरा मिनिटे उशीर म्हणजे बागेत तासभर ऊन डोक्यावर घेणे, हे मे महिन्यात एकदा आलात की कळेलच.

कधीच धावला नसाल तर दोन मिनिटे धावा, एक मिनिट चाला, पुन्हा दोन मिनिटे धावा. पहिला महिना हेच. मापदंड एकच: शेजारच्याशी पूर्ण वाक्य बोलता आले पाहिजे. “हो”, “नाही” एवढेच निघत असेल तर वेग जास्त आहे. जे पटाईत आहेत त्यांना तर हे दुप्पट लागू. बागेत धापा टाकत पोचून गवतावर आडवे होणारा माणूस त्या दिवशी कोणाच्या कामाचा नाही, मग त्याने किलोमीटर किती मिनिटांत मारला ते कोणीही विचारत नाही. जोरात धावायचे तर मंगळवार-गुरुवार तुमचेच आहेत.

रस्त्यावर पदपथ नसेल तिथे उजव्या कडेने, समोरून येणारी वाहने दिसतील असे धावा. कानात काही घालू नका. थंडीत अंधार असतो तेव्हा चमकती पट्टी दंडाला बांधा. सगळ्यांत मागे एक जुना सदस्य असतो, त्याला आम्ही शेपूट म्हणतो. शेपटाच्या मागे कोणी राहायचे नाही.

कुत्री भुंकत आली तर धावणे थांबवा, चालायला लागा, डोळ्याला डोळा देऊ नका. पळालात तर ती मागे लागणारच. चावलेच, किंवा नुसती नखे लागून कातडी फाटली तरी, जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवा आणि त्याच दिवशी लस सुरू करा. हळद, मिरची, चुना यातले काहीही लावू नका.

५. फाटकातून आत आल्यावर

लगेच वाकू नका. पाच मिनिटे चाला, पाणी प्या, मांड्या आणि पाठ सैल करा. गरम अंगाने कुदळ मारायला गेलेल्याच्या कमरेत चमक भरते. उकाड्याच्या दिवसांत साधे पाणी पुरत नाही. एक लिटर पाण्यात चहाचे सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ घालून घरूनच आणा. वर लिंबू पिळा, चव येते.

मग माळ्याकडे जाऊन काम विचारा. फळ्यावर कामे लिहिलेली असतात, पण फळा शुक्रवारी लिहिलेला असतो आणि शनिवारी पाऊस पडलेला असू शकतो. पहिल्या दिवशी जड काम मागू नका. पाला गोळा करणे, आच्छादन पसरणे, झारीने रोपांना पाणी घालणे एवढे पुरे. खुरपताना कमरेतून वाकण्यापेक्षा छोट्या पाटावर बसा. तरीही दुसऱ्या दिवशी मांड्यांचा मागचा भाग बोलेल आणि तिसऱ्या दिवशी जास्तच. धावणाऱ्यांना याचे फार नवल वाटते.

६. माती समजून घ्या

काळी माती पाणी धरून ठेवते, फुगते, आणि उन्हाळ्यात आकसून तिला भेगा पडतात. अगदी बोट आत जाईल एवढ्या. ही तिची जात आहे, तिच्याशी भांडून उपयोग नाही. ओली असताना खणलीत तर ढेकळे निघतात आणि ती वाळून दगड होतात. पार वाळल्यावर खणायला गेलात तर कुदळ उसळते. मधले दोन-तीन दिवस असतात, वाफसा आलेला असतो, तेव्हाच काय ते खणणे, खुरपणे, पेरणे.

वाफसा आला की नाही हे बघायला बोटभर खोलवरची मूठभर माती घ्या, दाबा, कमरेच्या उंचीवरून खाली सोडा. भुगा झाला तर कामाला लागा. गोळा तसाच राहिला आणि हाताला चिकटला तर त्या रविवारी वाफ्याला हात लावू नका, कंपोस्टकडे जा. जोराचा पाऊस झाल्यावर बहुधा दोन ते चार दिवस थांबावे लागते. रविवारीच वाफसा येईल असा मातीने काही करार केलेला नाही, म्हणून गटातल्या चार-पाच जणांनी बुधवारची पहाट मोकळी ठेवलेली आहे. नोकरी सांभाळून जमत असेल तर त्यात नाव द्या. माझ्या मते रविवारच्या वीस जणांपेक्षा बुधवारचे चौघे बागेला जास्त उपयोगी पडतात.

वाफ्यात पाय टाकू नका, मधल्या पायवाटेवरूनच हात पोचवा. पावसाळ्यात आम्ही गादीवाफे करतो, म्हणजे पाणी निथळते. उन्हाळ्यात सपाट वाफे, म्हणजे पाणी थांबते. नव्याने आलेला माणूस मेमध्ये उत्साहाने गादीवाफे उंच करायला घेतो, हे ठरलेले.

७. तण कोणते, पीक कोणते

आमच्या माळ्यांचे एक वाक्य लक्षात ठेवा: “भिया, पेले पूछ लो, फेर उखाड़ो.”

ओळीत उगवले ते पीक आणि ओळीबाहेर उगवले ते तण, हा नियम मेथी-पालकाला बऱ्यापैकी लागू पडतो. पण कंपोस्टमधून भोपळा, टोमॅटो आपोआप उगवतात आणि ते कधी कधी मुद्दाम ठेवलेले असतात. घोळ आणि माठ तणासारखे दिसतात, त्यांची भाजी होते. थंडीत बथुआ (चाकवत) उगवतो, तो उपटून फेकलात तर एखाद्या काकू उकिरड्यावरून उचलून आणतील आणि वर चार शब्द ऐकवतील.

डोळे झाकून काढायचे ते गाजरगवत. पांढरी फुले येण्याआधी, माती ओलसर असताना, मुळासकट, हातमोजे आणि तोंडावर रुमाल बांधून. त्याने अनेकांच्या अंगाला खाज येते, शिंका सुरू होतात. लव्हाळ्याचे वेगळे. त्याची पाती ओढून हाती काही येत नाही, खाली काळ्या गाठींची माळ असते. खुरप्याच्या टोकाने एकेक गाठ काढा आणि ती कंपोस्टात अजिबात टाकू नका, नाहीतर पुढच्या वर्षी खताबरोबर सगळ्या बागेत वाटली जाईल.

झाडाची फांदी मात्र कितीही आडवी येवो, तोडू नका. मध्य प्रदेशात शहरी भागातल्या झाडांसाठी २००१ चा संरक्षण कायदा आहे. त्यासाठी परवानगी लागते, आणि ती आणणे गटाच्या जुन्या लोकांचे काम.

८. पाणी आणि खत

इंदूरला नर्मदेचे पाणी जलूदहून सुमारे ७० किलोमीटर वर चढवून आणावे लागते. ते नळीने वाफ्यात सोडून गप्पा मारत बसलात तर कोणीतरी तोटी बंद करणारच. महापालिकेच्या कित्येक बागांना प्रक्रिया केलेले सांडपाणीही येते. ते झाडांना चांगले, पण तोंड धुवायला, प्यायला किंवा कच्ची खायच्या कोथिंबीर-पुदिन्याला नको. कोणत्या नळाला कोणते पाणी ते पहिल्या भेटीत विचारायला सांगितले, ते याचसाठी. मोठ्या झाडाला पाणी बुंध्यापाशी न घालता, फांद्यांची सावली जिथे संपते तिथल्या आळ्यात घाला. पाणी पिणारी बारीक मुळे तिकडे असतात.

कंपोस्टात ओल्या कचऱ्याच्या दुप्पट-तिप्पट सुका पाला. वास आला म्हणजे पाला कमी पडला. घरून साले, देठ, चहाचा चोथा आणलात तर चालेल. शिजवलेले, तेलकट, दुधाचे नको. केळी-सफरचंदांवरचे छोटे गोल स्टिकर घरीच काढा. खत तयार होऊन चाळायला घेतले की सगळे कुजलेले असते आणि हे स्टिकर मात्र दुकानातून आणल्यासारखे कोरे निघतात. ढीग भरलेला असेल तर कचरा परत न्या आणि गाडीच्या ओल्या डब्यात द्या, तो देवगुराडियाच्या बायो-सीएनजी प्रकल्पात जातो, वाया जात नाही. पाला जाळायचा नाही, घनकचऱ्याच्या नियमांनीच त्याला मनाई केली आहे.

जीवामृत या पातळ खताचे पिंप ढवळायची पाळी नव्यांवर येतेच. २०० लिटर पाण्याला १० किलो ताजे शेण, ५ ते १० लिटर गोमूत्र, १ ते २ किलो गूळ, तेवढेच बेसन आणि मूठभर झाडाखालची माती. सावलीत दोन-तीन दिवस, रोज दोनदा ढवळून, मग आठवड्याच्या आत वापरायचे. बेसन आधी थोड्या पाण्यात कालवून घ्या, गुठळ्या राहत नाहीत. लग्नाला जायचे असेल त्या दिवशी ही पाळी घेऊ नका.

९. कोणत्या महिन्यात यावे

कधीही या, पण पहिल्यांदा येणाऱ्याला ऑक्टोबर सोयीचा. हवा धावायला बरी, माती कामाला बरी, आणि मेथी, पालक, मुळा, गाजर, वाटाणा पेरायची धांदल असते, त्यामुळे पेरलेले उगवताना बघायला मिळते. पावसाळ्यात गिलकी (घोसाळी), दोडका, भेंडी यांची चंगळ असते पण चिखलही तेवढाच.

मे-जूनमध्ये लावलेला गराडू नावाचा कंद थंडीत निघतो आणि तो खणायचा रविवार कोणी चुकवत नाही. एवढा मोठा कंद काळ्या मातीत वेडावाकडा घुसलेला असतो. जोर लावलात की मधेच तुटतो. वीतभर लांबून गोल खणत या, शेवटी हाताने माती काढा. सोलताना हाताला तेल लावा, खाज येते.

१०. साप आणि जखमा

पावसाळ्यात पाल्याच्या ढिगात थेट हात घालू नका, आधी काठीने हलवा. साप दिसला तर मागे सरका आणि माळ्याला सांगा, मारायला जाऊ नका. चावला तर बांधणे, कापणे, चोखणे यातले काहीही नाही. माणसाला बसवा, तो अवयव हलू देऊ नका, अंगठी-घड्याळ काढा, १०८ ला फोन करा किंवा मिळेल त्या गाडीने सरळ एमवायला, म्हणजे महाराजा यशवंतराव रुग्णालयात न्या. प्रथमोपचाराची पेटी माळ्याच्या खोलीत दाराच्या मागे आहे, ती पहिल्याच दिवशी बघून ठेवा.

११. पोहे

काम संपल्यावर, आधी नाही. अवजारे धुऊन, पुसून, मोजून परत ठेवली की मगच. आपापले पैसे आपण द्यायचे, नव्यांनी भिडेखातर सगळ्यांचे देऊ नयेत. चिखलाचे बूट दुकानाबाहेर. सोबत जिलेबी सगळे घेतात, चार किलोमीटर धावून जळले त्याहून जास्त परत येते, आणि त्यावर गटात कोणी हिशेब मांडलेला चालत नाही.

१२. तुमच्या भागात असा गट नसेल तर

चार माणसे जमली की पुरतात, पण परवानगी आधी. बाग महापालिकेची असेल तर झोन कार्यालयात हिंदीतून साधा अर्ज द्या, रहिवासी संघाचे पत्र सोबत जोडा. अर्जात दिवस, वेळ, अंदाजे किती जण आणि नेमके कोणते काम एवढे लिहा. झाडतोड नाही, पक्के बांधकाम नाही, कीटकनाशक नाही, हेही लिहा. तेवढ्याने बरेच प्रश्न विचारलेच जात नाहीत. तुटका नळ, बंद दिवा अशा तक्रारी अर्जात घुसडू नका, त्यांच्यासाठी इंदूर ३११ अॅप आहे. “नंतर बघू, तुम्ही सुरू करा” असे तोंडी कोणी म्हणाले तरी अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि तारीख घेतल्याशिवाय उठू नका. ती प्रत माळ्याच्या खोलीत लावून ठेवा. साहेब बदलले की पहिली तीच मागितली जाते.